शूर्पारकाचा बाहिय

आज नालासोपारा या रेल्वेस्थानकाच्या नावाने परिचित असलेले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. येथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये केले, आणि मृगयेच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचे सांगणाऱ्या अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही येथेच मिळाला. परंतु या भूमीचे खरे वैभव मला वाटते ते पाली 'उदान' ग्रंथातील बाहियाच्या कथेत. लोकांनी अर्हत म्हणून पूजलेला हा वल्कलधारी तपस्वी, स्वतःच्या सिद्धीविषयी शंका उत्पन्न होताच, येथून थेट श्रावस्तीस गेला, आणि भिक्षेस निघालेल्या बुद्धाला त्याने भर रस्त्यात गाठले, तेव्हा त्यास उपदेश मिळाला तो एवढाच, की पाहताना केवळ पाहावे, ऐकताना केवळ ऐकावे, त्यात 'मी'पणाची भर घालू नये.

हे अनुभवावयाचे तर सोपाऱ्याजवळच्या निर्मळ गावाच्या बाजूच्या एखाद्या वाडीत पहाटे जावे, आणि नुकत्याच शिंपलेल्या मातीचा दर्प, केळीचे पान कापताना बोटांना लागून धुऊनही न जाणारा चीक, सोनचाफ्याचा उग्र सुगंध, यांपैकी एकेकापाशी, बरेवाईट न ठरविता, निवांत थांबावे. मुंबईतील गोराईच्या पॅगोडात शिकविली जाणारी विपश्यनाही श्वासाच्या अशाच साध्या निरीक्षणापासून सुरू होते. वाड्या झपाट्याने इमारतींखाली जात आहेत. तेव्हा हे दिरंगाई न करता करावे, मालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी.