आतला शेक नेमका कुठे बसला, हे कसे कळते?

घोडपदेवच्या आमच्या चाळीतील एक मावशी परळला शेक घेत होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. बाहेरून द्यायचा पंचवीस दिवसांचा शेक संपला, अंगावरून जाणे थांबले आणि मावशींनी सुनेला सांगून टाकले, "आता बरं वाटतंय. पुन्हा जायचं नाही." आतला शेक बाकी होता. शेजारणींनी कानात भरवले होते की, पोटात जळती सळई घालतात आणि नंतर नातवंडांना जवळ घेता येत नाही.

सून रात्री आमच्याकडे आली. आम्ही कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु वस्तीतल्या आजाऱ्यांचे केसपेपर हातात धरून रांगेत उभे राहण्याचा सराव झाला आहे. तेव्हा विचारून, समजून घेऊन जे कळले ते आमच्या माताभगिनींसाठी येथे मांडत आहोत.

बाहेरच्या शेकाने गाठ लहान होते, पण बहुधा संपत नाही. उरलेल्या गाठीला पुरेल एवढा शेक बाहेरूनच द्यायचा तर मूत्राशय आणि गुदाशय भाजून निघतील. म्हणून किरण देणारा कण थेट गाठीजवळ न्यायचा. किरणांचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. अंतर दुप्पट झाले की जोर चौथ्या हिश्श्यावर, तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर. यातच या उपचाराची ताकद आहे आणि धोकाही यातच आहे. नळी काही मिलिमीटर सरकली तरी गाठ उपाशी राहते आणि शेजारच्या मूत्राशयाला नको तेवढे मिळते.

म्हणूनच आधी चित्र, मग शेक. आम्ही बी.कॉम. झालेले, आमच्या भाषेत सांगायचे तर व्हाउचरचा खातेवहीशी ताळा लागल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

भूल देऊन एक बाकदार नळी गर्भाशयात आणि दोन नळ्या मुखाच्या दोन्ही बाजूंना बसवतात. नळी भिंतीला टोचून पलीकडे जाऊ नये म्हणून सोनोग्राफी लावून पाहता येते. मूत्राशय आणि गुदाशय दूर राहावेत म्हणून गॉजच्या पट्ट्या ठासतात. लघवीच्या नळीच्या फुग्यात एक्स-रेवर दिसणारे औषध भरतात, म्हणजे मूत्राशय कुठे आहे ते कळते. नळ्यांत खोट्या खुणांच्या तारा घालून समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढतात. खऱ्या कणाने कुठून जायचे, ते त्या खुणांवरून ठरते.

कित्येक वर्षे हे दोन एक्स-रे हाच आधार होता. पण एक्स-रेत हाड दिसते, धातू दिसतो, गाठ मात्र दिसत नाही. म्हणून १९३८ साली इंग्लंडातील मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ठरवलेल्या एका बिंदूवर हिशेब होई. बाई लहान चणीची असो वा मोठ्या, गाठ एकीकडे झुकलेली असो वा नसो, बिंदू तोच! सीटी स्कॅन आल्यावर मूत्राशय व आतडी स्पष्ट दिसू लागली, आणि एमआरआयमध्ये खुद्द गाठच दिसू लागली. चित्र पाहून जिथे गाठ फुगलेली तिथे जास्त, जिथे आतडे चिकटलेले तिथे कमी, असा डोस बेतता येऊ लागला. या पद्धतीचा 'एम्ब्रेस' नावाचा अभ्यास जगातील २४ केंद्रांत झाला, त्यात आपले परळचे टाटा रुग्णालयही होते. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनंतरही शंभरातील ९२ जणींचा रोग त्या जागी आटोक्यात होता. सर्वत्र एमआरआय मिळत नाही, अनेक ठिकाणी सीटीवर किंवा दोन एक्स-रेंवर काम चालते. तेवढ्यावरून उपचार सोडून पळू नये.

चित्र काढल्यापासून शेक संपेपर्यंत हलायचे नाही, हे मात्र बाईला आधीच सांगायला हवे. पाठ दुखते, लाज वाटते, तरीही. कारण हललो की काढलेले चित्र खोटे ठरते.

मग बाईला खोलीत एकटे ठेवून यंत्र तारेच्या टोकाला बसवलेला इरिडियमचा कण नळीत सोडते. तांदळाच्या दाण्याहूनही बारीक. तो ठरल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि यंत्रात परत जातो. बहुधा पंधरा-वीस मिनिटांचे काम. कण परत गेला की बाईच्या अंगात काही उरत नाही. नातवंडांना खुशाल जवळ घ्यावे.

शेजारणींची भीती अगदीच हवेतली नव्हती. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात. तिथे मात्र रुग्णाला काही दिवस वेगळे ठेवावे लागते. त्यासाठीचे अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळलाच आहे. या आयोडीनची गंमत अशी की, त्याची एक जातीची किरणे मिलिमीटरभर जाऊन पेशी मारतात आणि दुसऱ्या जातीची शरीराबाहेर येतात. ती गॅमा कॅमेऱ्याने टिपली की औषध कुठे कुठे पोहोचले, याचे चित्र उमटते. औषधच आपला ठावठिकाणा सांगते म्हणा ना!

असो. मावशींना पटवायला आम्हाला तीन दिवस लागले. घाई होती, कारण बाहेरचा आणि आतला मिळून सगळा शेक आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. लांबला की गाठ पुन्हा उचल खाते. रेशनकार्ड होतेच, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात, कागद जमवले.

पहिल्या खेपेनंतर मावशींनी सुनेकडून फिल्म मागून घेतली आणि खिडकीशी उजेडात धरली.

"भाऊ, ही तर वाकडी पळी दिसतीय पोटात."

आम्ही बोट ठेवून दाखवले, ही नळी, हा फुगा, एवढ्या अंतरावर मूत्राशय. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघून घालतात म्हणजे."

पुढच्या तिन्ही खेपांना त्या स्वतःहून निघाल्या. फिल्म आता केसपेपरच्या पिशवीत आहे आणि तपासणीच्या तारखेला सून ती न विसरता बरोबर घेते.