भिंत कुणाची, अक्षर कुणाचे?

रस्त्याकडेच्या भिंतीला मालक असतो. पण तिचे दर्शनी अंग येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांच्या नजरेचे असते. भिंतीवरील राजकीय लिखाणाचा सारा तंटा या दोन गोष्टींतून उभा राहतो.

ज्याच्यापाशी छापखाना नाही, त्याला भिंत हेच वर्तमानपत्र. 1956 च्या सुमारास ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे वाक्य मुंबईच्या भिंतींवर चढले, ते काही जाहिरातीचे पैसे मोजून नव्हे. आपल्या विदर्भातील भिंतींनी नेमकी उलट मागणी, वेगळ्या राज्याची, तितक्याच ठसठशीतपणे मांडली. भिंतीने कोणालाच नकार दिला नाही. आणि खर्च तो केवढा? चुन्याचा एक हात, सरस घालून कालवलेला गेरू आणि एक कुंचला. अक्षर वीतभर उंच, शब्द चारपाच; सायकलवरच्या माणसाला न उतरता वाचता आले पाहिजे. (विशेषणे घातली की घोषणा वाया गेली असे खुशाल समजावे.)

आता कायदा पाहू. महाराष्ट्रात 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यान्वये लेखी परवानगीविना लिहिणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा वाईट नव्हे. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर रंग फासणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, मग तो आमच्या संघटनेचा का असेना.

ऊर्जानगरात मात्र प्रश्न निराळा आहे. ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत. येथे भिंतीचा धनी आणि कामाचा धनी बहुधा एकच. त्याच्याविरुद्ध लिहावयाचे, तर परवानगी मागावयाची त्याच्याचकडे! 1971 च्या कामगार संघ मान्यतेच्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेस कामाच्या आवारात सूचनाफलक लावण्याचा हक्क दिला. ज्याच्या पाठीशी अशी संघटना नाही, त्या कंत्राटी मजुराने कोठे लिहावे? तो रात्री लिहितो आणि नाव घालीत नाही. निनावी लिखाणात मागणीपेक्षा शिवी लवकर शिरते, हे मी अनेकदा पाहिले आहे. इकडे फ्लेक्सवाल्याला पैसे भरून परवाना मिळतो; त्यावर वाढदिवस असतो, दहा मुखवटे असतात, मागणी एकही नसते.

माझी सूचना साधी आहे. बाजाराजवळची एक भिंत सर्वांसाठी मोकळी ठेवावी. लिहिणाऱ्याने खाली संघटनेचे किंवा स्वतःचे नाव व तारीख घालावी. पंधरा दिवसांनी चुना फिरवून दुसऱ्यास पाळी द्यावी. निवडणुकीच्या आचारसंहितेत ती कोरी राहील. चुन्याची बादली आमची संघटना देईल.