खंडित अवधान

हातांतील काम कोणी मध्येंच थांबविलें, तर थांबण्यापुरताच वेळ फुकट जातो, असें आपण सामान्यतः धरून चालतों. कोणी हाक मारली, आपण उठून गेलों, मिनिटभरानें परत आलों; नुकसान काय तें एका मिनिटाचें! पण हा हिशेब फसवा आहे. एकाग्र मनाचें काम रहाटानें पाणी ओढण्यासारखें असतें. पोहरा निम्म्यावर आला असतां दोर हातांतून सोडला, तर तो तेथेंच लटकून राहत नाहीं. तळाशीं जातो, आणि ओढण्यास पुन्हां आरंभ करावा लागतो. व्यत्ययानें मनांत नेमकें काय घडतें, तो केवळ त्रासदायक केव्हां असतो आणि घातक केव्हां होतो, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

कोणतेंही काम चालू असतांना दोन गोष्टी मनांत सतत जाग्या असाव्या लागतात. आपण कोठवर आलों ही एक, आणि यापुढें काय करावयाचें ही दुसरी. या दोन्ही गोष्टी स्मृतीच्या ज्या भागांत राहतात, तो भाग लहान मुलाच्या पाटीएवढाच असतो. नवें लिहावयाचें तर जुनें पुसावें लागतें. भातासाठीं तांदूळ मापून घेणाऱ्या गृहिणीला दारावरच्या माणसानें कांहीं विचारलें, तर उत्तर देऊन वळेपर्यंत तीन वाट्या झाल्या कीं चार, हें ती विसरते. मापावयाचें कसें हें ती विसरलेली नसते. विसरलेली असते ती फक्त आपली जागा.

हा भेद प्रयोगांनींही सिद्ध झाला आहे. अमेरिकेंतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे एरिक ऑल्टमन व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर ठराविक क्रमानें करावयाचें एक काम त्यांनीं लोकांना दिलें आणि त्यांत मधूनमधून लहानसा व्यत्यय आणला. हा व्यत्यय सरासरी २.८ सेकंदांचा होता, तरी क्रम चुकण्याचें प्रमाण दुप्पट झालें, तो ४.४ सेकंदांचा झाला तेव्हां तें तिप्पट झालें. आपण 'क्षणभर' म्हणतों, तो क्षण एवढा महाग पडतो! लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, प्रत्येक पायरी करण्याची रीत लोक विसरले नव्हते. कोणती पायरी झाली आणि कोणती राहिली, एवढेंच त्यांना आठवेना.

व्यत्ययाचा दुसरा परिणाम याहून सूक्ष्म आहे. आपण नव्या कामाकडे वळलों तरी मनाचा एक अंश जुन्याच कामांत गुंतून राहतो. २००९ सालीं सोफी लरॉय या विदुषीनें या गोष्टीला 'अवधानाचा अवशेष' अशा अर्थाचें नांव दिलें. पहिलें काम अपुरें टाकून दुसऱ्याकडे वळणाऱ्या माणसाचें दुसरें कामही उणें होतें, असें तिला दिसून आलें. अपुऱ्या कामाची ही ओढ फार पूर्वीं लक्षांत आली होती. १९२७ सालीं बर्लिन येथें ब्लूमा झायगार्निक हिनें, अर्धवट राहिलेलीं कामें पुऱ्या झालेल्या कामांपेक्षां अधिक आठवतात, असा निष्कर्ष मांडला. पुढील संशोधकांना तो नेहमींच पडताळून पाहतां आला नाहीं. मात्र तिची सहकारी मारिया ओव्हस्यांकिना हिनें १९२८ सालीं दाखविलेली गोष्ट अधिक टिकाऊ ठरली: अपुरें काम पुन्हां हातीं घेण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो. म्हणजे ज्याला आपण उठवून नेलें तो देहानें आपल्याबरोबर येतो, पण मनानें मागेंच रेंगाळतो.

येथें कोणी विचारील, 'मग दिवसभर व्यत्यय सोसूनही कचेऱ्यांतलीं कामें होतात तीं कशीं?' होतात खरीं, पण त्यांची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. कॅलिफोर्नियांतील ग्लोरिया मार्क यांनीं २००८ सालीं ४८ जणांवर केलेल्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्यांना वरचेवर अडविलें जात होतें त्यांनीं काम अधिक जलद उरकलें, आणि तें निकृष्टही नव्हतें. परंतु त्यांचा मानसिक ताण, वैताग आणि श्रम हीं सर्व वाढलेलीं होतीं. गेलेला वेळ भरून काढण्यासाठीं माणूस घाई करतो, आणि त्या घाईचें ओझें संध्याकाळीं घरीं घेऊन येतो. घरांत पाऊल टाकतांच क्षुल्लक कारणावरून त्याचा पारा कां चढतो, याचें एक उत्तर येथें असूं शकेल.

ताणावर निभावलें तर एकवेळ ठीक. पण कांहीं कामें अशीं आहेत कीं तेथें एका विसरलेल्या पायरीची भरपाई होत नाहीं. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील दोन रुग्णालयांतील ९८ परिचारिकांच्या कामाचें निरीक्षण २०१० सालीं प्रसिद्ध झालें. ४,२७१ वेळां औषध दिलें गेलें. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक वेळां परिचारिकेला मध्येंच कोणीतरी अडविलें होतें. प्रत्येक व्यत्ययागणिक औषधासंबंधींच्या चुकांत सुमारें १२ ते १३ टक्क्यांची भर पडत होती.

विमानाची गोष्ट तर याहून भीषण. उड्डाणापूर्वीं वैमानिक एक यादी वाचून एकेक गोष्ट तपासतात. २० ऑगस्ट २००८ रोजीं माद्रिद येथें ही यादी संपत आली असतांना, विमान हलविण्याची परवानगी मागण्यास कप्तानानें सहवैमानिकाला सांगितलें, आणि यादींतली शेवटची बाब तशीच राहिली. ती बाब होती पंखांच्या फळ्या उड्डाणासाठीं योग्य स्थितींत आणण्याची. पुढच्या तपासण्यांतही ती चूक सांपडली नाहीं, धोक्याचा भोंगाही वाजला नाहीं, आणि १५४ माणसें प्राणांस मुकलीं. दहा हजार फुटांच्या खालीं असतांना वैमानिकांनीं उड्डाणाशीं संबंध नसलेलें कोणतेंही काम वा संभाषण करूं नये, असा नियम अमेरिकेनें १९८१ सालींच केला होता. पण माद्रिदचा व्यत्यय गप्पांचा नव्हता. तो कामाचाच होता. म्हणून तर तो कोणास व्यत्यय वाटला नसावा.

तर मग आपल्याकडील अवधानी पंडित हें कसें साधतात? आंध्र देशांतील अष्टावधानांत आठ पृच्छक एका पंडिताला घेरून बसतात. कोणी समस्या घालतो, कोणी अक्षरांचा निषेध करतो, कोणी घंटेचे टोले मोजावयास लावतो. आणि एकाचें तर कामच मुळीं अप्रस्तुत प्रश्न विचारून पंडिताचा धागा तोडण्याचें असतें. व्यत्ययाला तेथें मानाचें आसन आहे! अवधानी एकेका पृच्छकाला पद्याचा एकेक चरण देतो, आणि तो पुरा करूनच पुढें वळतो. शेवटीं सर्व पद्यें तो सलग म्हणून दाखवितो. ही सिद्धि दीर्घ अभ्यासाची असते, आणि इतरांना साधत नाहीं म्हणूनच तिचा सत्कार होतो. पण चरण पुरा करून वळण्याची त्याची रीत आपणां सर्वांस घेण्याजोगी आहे.

हाक आली तर वाक्य संपवून उठावें, बेरीज असेल तर आलेला आंकडा टिपून उठावें. उठण्यापूर्वीं परतीची खूण ठेवण्यास थोडे क्षण मिळाले, तर काम पुन्हां लवकर हातीं लागतें, असें २००३ सालच्या एका प्रयोगांत दिसलें आहे. तेथें अवघ्या आठ सेकंदांची पूर्वसूचना पुरली. आणि औषधाची मात्रा मोजतांना खंड पडलाच, तर 'इतकी झाली असावी' असें न म्हणतां पहिल्यापासून मोजावें.

खिशांतल्या दूरध्वनीविषयीं वेगळें सांगावयास हवें. तो उचलला नाहीं म्हणजे व्यत्यय टळला, अशी समजूत आहे. २०१५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत, निरोप आल्याची सूचना केवळ जाणवली, यंत्राला हातही लावला नाहीं, तरी लोकांच्या चुका वाढल्या. तेव्हां अभ्यासाच्या वेळीं तो गप्प करणें पुरेसें नाहीं. त्याची थरथरही बंद केली पाहिजे.

एकनाथी भागवताच्या वाचकांना अवधूताचे चोवीस गुरु ठाऊक आहेतच. त्यांत बाण घडविणारा एक शरकार आहे. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला तिचा पत्ता लागला नाहीं. एकाग्रतेचें उदाहरण म्हणून आपण त्याचें नांव घेतों. पण त्याच अध्यायांत भात कांडणारी एक कुमारिका आहे. घरीं पाहुणे आलेले, कांडतांना कांकणें वाजूं लागलीं. तिनें तीं एकेक करून उतरविलीं आणि प्रत्येक हातांत एकच ठेवलें, तेव्हां आवाज थांबला. आपल्या घरांतील स्त्रियांची स्थिति शरकारापेक्षां या कुमारिकेची अधिक आहे. वडील मंडळी हिशेब लिहीत असतां मुलांना दटावून गप्प बसविणारें घर, गृहिणी सासऱ्यांच्या औषधाचे थेंब मोजीत असतां तिला चार ठिकाणांहून हांका मारतें. तिचें काम कोणींही, केव्हांही थांबवावें, असाच जणूं संकेत आहे. आग लागली, मूल पडलें, तर हाक मारावीच. पण एरवीं तिचे थेंब मोजून होईपर्यंत थांबण्यास आपणांस अर्धें मिनिटही लागत नाहीं. एवढें थांबण्याची संवय घरांतल्या सर्वांनीं लावून घेतली, तर एकाग्रतेवरील पुष्कळ उपदेशाची गरज पडणार नाहीं.