लिंबाच्या पानावरचे पहारेकरी

होळी उलटली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गॅलऱ्यांतील कुंडीतला लिंबू मलूल दिसू लागतो. पानांवर फिकट ठिपके पडतात, मग पाने गळू लागतात. घरचे कीटकनाशक फवारतात. चार दिवस बरे जातात आणि दोन-तीन आठवड्यांत झाड आधीपेक्षा वाईट दिसते.

असे का होते? ही करामत बहुधा कोळी या किडीची असते. अर्ध्या मिलिमीटरहून लहान असा हा जीव कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो घरातल्या जाळे विणणाऱ्या कोळ्याचा दूरचा नातलग आहे. तो पानातला रस शोषतो. कोरड्या उन्हाळ्यात त्याची एक पिढी दहा-बारा दिवसांतही पुरी होते. रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ पानांवर बसली, की त्याचे आणखी फावते. विदर्भात कोळ्यांमुळेच संत्र्याची साल तांबूस पडते. शेतकरी त्याला ‘लाल्या’ म्हणतात.

मात्र त्याच पानावर त्याचे शत्रूही असतात. परभक्षी कोळी चकचकीत, थेंबाच्या आकाराचा आणि चपळ असतो. खसखशीच्या दाण्याएवढा काळा ढालकिडाही किडीवर ताव मारतो. सरसकट कीटकनाशक मारले की हे पहारेकरी आधी मरतात, कोळ्याची अंडी मात्र बरीचशी वाचतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी औषधे सर्रास वापरली जाऊ लागली, तेव्हा जगभरच्या फळबागांत कोळ्याने डोके वर काढले, त्यामागे हेही एक मोठे कारण होते.

म्हणून आधी तपासा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका आणि भिंगातून पाहा. सावकाश सरकणारे ठिपके बहुधा किडीचे, भरभर पळणारे बहुधा मित्रांचे. पळणारे दिसले तर फवारणी थांबवा. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या दोन्ही बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. धूळ जाते, कीडही बरीच कमी होते. फारच गळालेली पाने काढून टाका. एवढ्याने भागले नाही, तरच कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, लेबलवरील प्रमाणात, संध्याकाळी फक्त कीड असलेल्या फांदीवर मारा.

शिवाय गॅलरी म्हणजे शेत नव्हे. तिथे मुले खेळतात, कपडे वाळतात आणि तोच लिंबू दुपारी सरबतात पिळला जातो.