जुन्या पिकअपची वीज : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

मृगाच्या सरी लागल्या, की नेरळ-कशेळ्यापासून चौक-खोपोलीपर्यंत भाजी, दूध आणि पोल्ट्रीचे खाद्य वाहणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या सकाळी सेल्फ मारताच नुसत्या ‘खट्ट’ वाजून गप्प बसू लागतात. आणि मग मालक, चालक व मिस्त्री असे तिघे मिळून जो तपास आरंभतात, त्यात पुरावा हाती येण्यापूर्वीच ‘बॅटरी गेली’ हा फैसला बहुधा झालेला असतो. नवी बॅटरी येते, गाडी चार दिवस चालते, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीच तक्रार उभी राहते. बॅटरी कधीच दोषी नसते असे नव्हे. परंतु कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या दमट हवेत वर्षानुवर्षे झिजलेल्या गाडीत प्रथम संशय घ्यावा तो वस्तूंचा नव्हे, तर त्या वस्तूंना जोडणाऱ्या सांध्यांचा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाडी चालू होत नाही त्या अर्थी तिचे ‘इग्निशन’ बिघडले असणार, हा समज सर्वांत प्रचलित असून तोच सर्वांत निराधार आहे. या भागातील बहुतेक जुन्या पिकअप डिझेलवर चालतात, आणि डिझेल इंजिनात ठिणगीला मुळी स्थानच नसते. सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाऊन इतकी तप्त होते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. अशा गाडीत कॉइल आणि कंडेन्सर यांचा शोध घेणे म्हणजे जो इसम गावात राहतच नाही त्याच्यावर समन्स बजावण्यासारखे आहे. किल्लीच्या हाती येथे सेल्फ फिरवणे, असलाच तर हीटर प्लग तापवणे, आणि पंपावरील डिझेल अडवणारा सोलेनॉइड उघडणे एवढाच कारभार असतो. पैकी हीटर प्लगला नाहक दोष दिला जातो. थेट इंजेक्शनच्या पुष्कळ जुन्या इंजिनांत तो नसतोच, आणि असला तरी आपल्याकडच्या उबदार हवेत त्याच्यावाचून फारसे अडत नाही. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर सोलेनॉइड असलेल्या गाडीत किल्ली फिरवताच पंपापाशी ‘टक्’ असा आवाज येतो की नाही ते ऐकावे, आणि येत असल्यास वीज सोडून डिझेलच्या नळीत शिरलेल्या हवेकडे व फिल्टरात साचलेल्या पाण्याकडे वळावे.

आता सेल्फच फिरत नाही अशा गाडीकडे येऊ. ‘दिवे लख्ख लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे, सबब सेल्फच जळाला’ हे अनुमान ऐकायला तर्कशुद्ध वाटते, पण ते ओहमच्या नियमापुढे टिकत नाही. एक 55 वॅटचा हेडलाइट साडेचार अँपिअर प्रवाह घेतो, तर डिझेल इंजिन फिरवणारा सेल्फ सुमारे 200 अँपिअर, प्रसंगी त्याहूनही अधिक मागतो. टर्मिनलवर चढलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारामुळे समजा 0.02 ओहम इतका क्षुल्लक रोध उत्पन्न झाला, तर दिव्याच्या प्रवाहाला त्यापायी 0.1 व्होल्टही गमवावा लागत नाही, परंतु सेल्फ 200 अँपिअर ओढू पाहताच तोच रोध 4 व्होल्ट गिळून बसतो, आणि उरलेल्या आठांत सेल्फ केवळ खट्ट वाजतो.

हा रोध अर्थिंगच्या पट्टीपाशी विशेष करून लपतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्याने चॅसिसशी त्याचा विद्युत्संबंध केवळ एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने राखलेला असतो. क्लचप्लेट बदलताना ती सोडली जाते आणि पुन्हा बसवायची राहून जाते, किंवा पासिंगच्या आधी चॅसिसला जो काळा रंग फासला जातो, तो नेमका तिच्या बोल्टाखाली शिरतो. मग सेल्फचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो व ती केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. अशी केबल आढळली, तर पुढचा तपास जवळजवळ संपलाच म्हणायचा. 1915 पासून खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत वीज गेली, आणि त्याच खालापूर तालुक्यात ती वीतभर पट्टी ओलांडू शकत नाही, हा विनोद गंजाने केलेला आहे.

याचा निवाडा साध्या मल्टिमीटरने होतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, हँडब्रेक ओढून, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे) व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरावे, आणि दुसऱ्याला सेल्फ मारण्यास सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टाच्या पुढे गेला, तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. धन खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘डायनामो’ तपासण्याची चाल मात्र सर्वथा त्याज्य आहे. खऱ्या डायनामोच्या काळात ती बहुधा निभावून जाई. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात, आणि बॅटरीचा आधार एकाएकी सुटताच उसळणारा दाब ते डायोड जाळू शकतो. इंजिन चालू ठेवून खुंटांवर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले, की चार्जिंग यथास्थित आहे.

जळालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणाऱ्याने, त्यापुढे वायर हाच फ्यूज होतो हे लक्षात ठेवावे. बॅटरीत बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षार प्लेटी खातात. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा लाकडी पेट्यांच्या जमान्यातील समज आजच्या प्लास्टिकच्या पेटीला लागू पडत नाही.

पेट्रोलवरच्या जुन्या जीपगाड्यांची गोष्ट निराळी. तेथे ठिणगी आहे, म्हणून ओल हा तिचा खरा वैरी आहे. कॉइल 12 व्होल्टांचे हजारो व्होल्ट करते, आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दव साचले, की तो दाब प्लगपर्यंत न जाता ओल्या पृष्ठभागावरूनच निसटतो. प्लग बदलण्यापूर्वी टोपी आतून कोरडी पुसून तिच्यात केसाएवढी चीर आहे काय ते पाहावे, आणि पॉइंटमधील अंतर 0.4 ते 0.5 मिलिमीटर आहे याची खातरजमा करावी.

तेव्हा वाचकांस विनंती एवढीच, की पैसे मोजण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर प्रथम सोडून (आणि जोडताना शेवटी जोडून) दोन्ही क्लॅम्प खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत, अर्थिंगची पट्टी काढून तिच्याखालचा धातू चकचकीत होईपर्यंत घासावा, आणि ग्रीस लावायचे ते बोल्ट आवळून झाल्यावर वरून लावावे. एवढे करून, रात्रभर चार्ज केलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.6 व्होल्टांच्या खाली घसरत असेल, तरच नव्या बॅटरीचा विचार करावा.