टोमॅटोचं पाणी आणि हुर्राक: उन्हाळ्यातला एक ग्लास सगळ्यांसाठी

 

मी म्हापशात राहतो. परसात टोमॅटोची आठ झाडं आहेत. मार्च-एप्रिल आला की सगळी एकदम पिकतात. सार झालं, चटणी झाली, शेजाऱ्यांना वाटून झाले, तरी परडी भरलेलीच. याच दिवसांत गोव्यात हुर्राक येते. म्हटलं, दोघांची गाठ घालून बघूया.

पण आधी खरं कारण सांगतो. माझ्या एका मित्राने वर्षापूर्वी दारू सोडली. आम्ही जमलो की तो पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात बसायचा. एकदा म्हणाला, ‘‘अरे, तुम्ही घ्या, मी आहे इथेच.’’ ते मला लागलं. म्हणून असं काही हवं होतं, की दारू घातली नाही तरी ग्लास अपुरा वाटणार नाही.

तर हे आहे टोमॅटोचं पाणी. रस नाही हं, पाणी! जवळजवळ पारदर्शक.

एक किलो पिकलेले टोमॅटो घ्या. मोठे तुकडे करा. बिया काढू नका. बियांभोवतीचा जो बुळबुळीत गर असतो ना, त्यात ग्लुटामेट जास्त असतं, म्हणजे ती तोंड भरणारी चव. तुकड्यांवर एक चहाचा चमचा मीठ घाला आणि १५ मिनिटं थांबा. मीठ टोमॅटोतलं पाणी बाहेर ओढतं. मग मिक्सरमध्ये दोन-तीनदा नुसतं फिरवून थांबवा. गुळगुळीत पेस्ट नकोय.

आता श्रीखंडासाठी दही बांधतो तसं हे मलमलच्या कापडात बांधा, चाळणीत ठेवा, खाली पातेलं. रात्रभर फ्रिजमध्येच, कारण आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवलं तर सकाळी आंबलेलं मिळेल. सकाळी साधारण अर्धा लिटर पाणी जमतं.

एकच नियम: पुरचुंडी पिळायची नाही! पिळलं की गर उतरतो आणि पाणी गढूळ होतं. टोमॅटोचा लाल रंग म्हणजे लायकोपीन. ते पाण्यात विरघळत नाही, गराला धरून राहतं. म्हणून रंग कापडात राहतो आणि साखर, आंबटपणा, वास खाली येतो. उरलेला गर फेकू नका. तेलात परतून चटणी करा, कारण लायकोपीन तेलात विरघळतं.

याचा एक फायदा बघा. तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोत लायकोपीन नीट तयार होत नाही. उन्हाळ्यात फळं केशरी-पिवळसर राहतात ती त्यामुळे. आपल्याला रंग नकोच आहे, त्यामुळे बिघडत नाही. तरीही लाली धरायला लागली की फळ तोडून घरात, सावलीत पिकवा. कापायच्या आधी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीत वास तयार करण्याची त्याची ताकद कमी होते. तो ताजा, हिरवट वास कापतानाच तयार होतो. एकदा कापून झालं की फ्रिज चालतो.

आता ग्लास भरूया. उंच ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड लावा. बर्फ, १२० मिली टोमॅटोचं पाणी, दोन चमचे लिंबाचा रस, उभी चिरलेली एक हिरवी मिरची. वरून थोडा सोडा. इथे थांबा आणि चाखा. चव इथेच जमायला हवी. मीठ कमी वाटलं, लिंबू जास्त झालं, तर आत्ताच सुधारा. दारूने चूक झाकायची नाही.

मग ज्याला हवी त्याच्याच ग्लासात ६० मिली हुर्राक. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक होते. त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के, पण भट्टीगणिक फरक पडतो. पुन्हा गाळली की फेणी, ४० टक्क्यांच्या पुढे. म्हणून फेणी वापरलीत तर २० मिलीच पुरे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक मात्र फार टिकत नाही, हंगामातच प्यायची. ती मिळत नसेल तर ३० मिली जिन किंवा व्होडका चालेल.

कायद्याचंही सांगून टाकतो. गोव्यात वय १८ पूर्ण लागतं. महाराष्ट्रात अशा कडक दारूसाठी २५, शिवाय परवानाही. इथली बाटली विनापरवाना सीमेपलीकडे नेऊ नका. आणि पिऊन गाडी कोणीच चालवायची नाही.

गेल्या रविवारी सहा ग्लास भरले. सगळे सारखे, जिऱ्याची कड, मिरची, बर्फ. पाचांत हुर्राक, एकात नाही. मित्राने एक घोट घेतला, मिरची बाजूला सारली आणि विचारलं, ‘‘अजून आहे का रे?’’

होतं. म्हणून सांगतो, एक किलो नको, दोन किलोचं करा.

करून बघा आणि कसं झालं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच!