दोन जपानी मोटारी, दोन स्वभाव



दसऱ्यास कोल्हापुरांत छत्रपतींची मेबॅक मोटार निघाली कीं माणसें थबकून तिच्याकडे पाहत राहतात. जुन्या यंत्राविषयींचें असें प्रेम आजच्या तरुणांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या जपानी मोटारींकडे वळलें आहे. त्यांपैकीं दोन मोटारींचीं नांवें वारंवार कानीं येतात: माझ्दा आरएक्स-७ हिची तिसरी पिढी (१९९१ ते २००२) आणि होंडा एस-२००० (१९९९ ते २००९). यांत श्रेष्ठ कोणती, असा वाद रंगतो. तो सोडविण्यापूर्वीं दोघींचीं इंजिनें समजून घेणें अगत्याचें आहे.

बाह्य मांडणींत दोघी सख्ख्या बहिणी शोभतील. दोघींतही इंजिन पुढच्या आसाच्या मागें बसविलेलें असून शक्ति मागच्या चाकांस मिळते. त्यामुळें वळणावर भार समतोल राहतो. भेद आहे तो इंजिनाच्या पोटांत.

होंडाचें इंजिन आपल्या ओळखीचें आहे. चार सिलिंडर, त्यांत वरखालीं होणारे दट्टे, आकारमान १९९७ घनसेंटिमीटर. परंतु तें मिनिटास सुमारें ९००० फेरे घेतें. हिशेब करून पाहा: सेकंदास १५० फेरे झाले, दट्ट्याची एक खेप ८४ मिलिमीटरांची, आणि प्रत्येक फेऱ्यांत अशा दोन खेपा. म्हणजे दट्टा सेकंदास सरासरी पंचवीस मीटर धांवतो! हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या साहाय्यावांचून हें इंजिन जपानांत २५० अश्वशक्ति देत असे. सुमारें ६००० फेऱ्यांपर्यंत मात्र तें शांत असतें. पुढें झडपा अधिक वेळ व अधिक उघडूं लागतात, आणि त्याचें खरें रूप प्रकट होतें.

माझ्दांत दट्टाच नाहीं. तेथें त्रिकोणी चक्र फुगीर पोकळींत फिरतें व फिरतांफिरतांच हवा घेणें, दाबणें, जाळणें, टाकणें हीं चारही कामें करतें. अशीं दोन चक्रें मिळून अवघे १३०८ घनसेंटिमीटर. जोडीस दोन टर्बो, एकामागून एक कामास लागणारे. इंजिन लहान, हलकें आणि अत्यंत गुळगुळीत चालणारें. १९९१ सालीं ल मांची चोवीस तासांची शर्यत माझ्दानें याच जातीच्या चार चक्रांच्या इंजिनानें जिंकली होती.

पण त्रिकोणाच्या तीन टोंकांवरील बारीक पट्ट्या हेंच त्याचें मर्मस्थान. त्यांस वंगण मिळावें म्हणून इंजिन मुद्दामच थोडें तेल जाळतें. तेल पाहण्यांत हयगय झाली किंवा उष्णता वाढली, तर पट्ट्या जातात आणि सारें इंजिन उघडावें लागतें. होंडाचा आजार आपल्या उद्यमनगरांतला जाणता कारागीर ओळखूं शकेल. माझ्दाच्या आजारास निराळ्या विद्येचा वैद्य लागतो.

तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार आपल्या देशांत सामान्यतः आणतां येत नाहीं. म्हणून हा प्रश्न मुख्यतः परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांचा. त्यांस इतकेंच सांगावें: माझ्दा घेणाऱ्यानें प्रत्येक कोठींतील दाब मोजून घ्यावा आणि इंजिन पुन्हां बांधण्याचा खर्च किंमतींतच धरावा. होंडा घेणाऱ्यानें कापडी छत व अपघाताच्या खुणा नीट तपासाव्या. नेहमीं चालविण्यास होंडा बरी. एक दुर्मिळ कल्पना जिवंत ठेवण्याची हौस, धीर आणि ऐपत असेल त्यानें माझ्दा पाळावी. संग्राहक मोटारीचा केवळ मालक नव्हे, तर पालक असतो. पालकत्व झेपेल तीच मोटार घरीं आणावी.